कार्ल्सरूहेच्या चौकात ठेवलेला उतारा

चौपन्न वर्षांच्या बाईने परदेशातल्या भर चौकात, ट्रामच्या रुळांपासून चार पावलांवर, दहीभाताचा डबा ठेवून मागे न बघता पळ काढावा, हे शोभतं का? नाही शोभत. पण शोभण्या-न शोभण्याची अक्कल त्या बाईला असती तर ती मी नसते.

तेव्हा लेकीला आठवा महिना लागला होता. त्याच्या आदल्या वर्षी, ते दोघं जर्मनीतच, ब्राउनश्वाइगला असताना, पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं होतं. फोनवर ती रडली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. मग जावयांनी कार्ल्सरूहेच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली, घर बदललं, पुन्हा दिवस राहिले, आणि सातवा सरत आला तेव्हा मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आळीव, डिंक आणि मेतकूट घेऊन निघाले. हे मूल जगलं पाहिजे, एवढं एकच मागणं होतं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मागणं वाटून घ्यायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

पोहोचले त्याच आठवड्यात लेकीने मला डॉक्टरकडे नेलं. गाव नवं म्हणून डॉक्टरही नवी. पांढऱ्या वेणीची, चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन बोलणारी बाई. मी आलेय म्हणून तिने घरातलं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारायला घेतलं. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. मध्येच माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. लेक म्हणाली, "आई, त्या विचारतायत, तुझी सगळी मुलं व्यवस्थित होती ना? एखादं लहानपणी गेलंबिलं नाही ना?" आणि मी उत्तर द्यायच्या आत हसून तीच जर्मनमध्ये बोलली, आणि मला म्हणाली, "सांगितलं, मी एकुलती एक." डॉक्टरीण तरी माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली. डॉक्टरणीने लिहून घेतलं.

ते खोटं होतं.

लेकीच्या आधी चार वर्षं मला एक मुलगा झाला होता. अकरा दिवसांचा होऊन गेला. बाराव्या दिवशी बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. शेजाऱ्यांकडून आणलेला पाळणा न बांधताच परत गेला. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. पहाटे ह्यांनी त्याला पंच्यात गुंडाळून नेलं, बरोबर सासरे होते. मी बाळंतिणीच्या खोलीत. कुठे पुरलं ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. लेक झाली तेव्हा घरात न बोलता ठरलं की हीच पहिली.

पण खरी गोष्ट ह्याच्याही आतली. दहाव्या दिवशी त्या खोलीत फार उकडत होतं. सासूबाईंचा डोळा लागला होता. एकवीस वर्षांची ती पोरगी, कॉलेजचं एक वर्ष काय केलं तर स्वतःला फार मोकळ्या विचारांची समजायची, बाळाला घेऊन उठली आणि अंगणात जाऊन उभी राहिली. ऐन तिन्हीसांजेला. पाच मिनिटं. त्याला वारा लागावा म्हणून. दुसऱ्या पहाटे तो गेला. ही पाच मिनिटं मी कुणालाच सांगितली नाहीत, ह्यांनाही नाही. आणि मजा बघा, मोकळ्या विचारांची ती पोरगी त्या पहाटेपासून जी घाबरली ती घाबरलीच. मांजर आडवं गेलं तर बस सोडून द्यायची.

तो मात्र वाढत राहिला. म्हणजे माझ्या हिशेबात. शाळेत घातला, मुंज केली, दहावीला गणितात कमी पडला, मिशी फुटली. कुठे लग्नाला गेलं की त्याच्या वयाचा मुलगा मी बरोबर शोधून काढायची. कार्ल्सरूहेला गेले त्या साली तो तेहेतीस वर्षांचा होता.

तर तो चौक. मार्क्टप्लाट्झ म्हणतात त्याला, म्हणजे बाजारचौक. राजवाड्याकडून सरळ येणारा रस्ता आणि गावातला मोठा हमरस्ता तिथे एकमेकांना छेदतात. एका बाजूला नगरपालिका, समोर खांबाखांबांचं चर्च, लांबून एखादं देऊळच वाटावं. पिवळ्या-लाल ट्रामा एकीमागून एक अशा येत की रस्ता ओलांडायला मुहूर्त बघावा. आणि मधोमध लाल दगडाचा एक पिरॅमिड. चुकून इजिप्तहून आणून ठेवल्यासारखा. डिसेंबर लागला होता, त्याच्याभोवती नाताळच्या बाजाराच्या लाकडी टपऱ्या लागल्या होत्या. जावयांनी मला पहिल्यांदा तिथे नेलं, कागदाच्या पुड्यातून बटाट्याचे गरम काप घेऊन दिले. मी त्या पिरॅमिडच्या आडोशाला वारा चुकवून उभी राहून खात होते. विचारलं, हे काय बांधलंय? जावई सहज म्हणाले, "आई, हे गाव ज्याने वसवलं ना, तो राजा पुरलाय खाली."

माझा घास तोंडात तसाच राहिला. आजूबाजूला माणसं हसत होती, पोरं पळत होती, एक बाई बाबागाडी पिरॅमिडला टेकवून गरम दारू पीत होती. कबरीला टेकून. घरी आल्यावर मी त्या थंडीत डोक्यावरून अंघोळ केली. लेक म्हणाली, "अगं, कुणाचं सुतक धरलंस, राजाचं?" तिला काय सांगणार. राजाचं भय मला नव्हतंच. मला हेवा वाटला होता. शेकडो वर्षांमागे गेलेल्या माणसाची जागा इथे शाळेतल्या पोरालाही माहीत, आणि आमच्याकडे जागा सांगू शकणारं शेवटचं माणूसही दोन वर्षांपूर्वी गेलं.

त्यानंतर तो चौक मला सोडेना. आपल्या गावात मेलेला माणूस ओळखीचा असतो, त्याला कुठे हिंडता येत नाही, कोणीतरी हटकतंच. इथे कोण कुणाला ओळखतंय? काळे कोट, गळ्याभोवती गुंडाळलेले मफलर, तोंडातून वाफ. संध्याकाळी चारलाच अंधारून यायचं, आणि त्या गर्दीत तेहेतीस वर्षांचे पुरुष शेकड्यांनी. त्यातला एखादा ह्यांच्यासारखाच उजवा खांदा पाडून चालायचा. मी लेकीबरोबर भाजी घ्यायला निघायची आणि अर्ध्या वाटेत मान वळवून उभी राहायची. रात्री मनात यायचं, तो इथवर आला असेल तर कशाला? आणि उत्तरही तिथेच असायचं, लेकीच्या पोटात. त्याचं सगळं ह्या पोटातल्याला मिळणार. नाव, पाळणा, सगळं.

मी लेकीचं चौकातून जाणं बंद केलं. तिची ट्राम तिथूनच जायची, तर तिने दोन थांबे आधी उतरून मागच्या गल्लीने चालत यावं असा माझा हुकूम. "आई, आठव्या महिन्यात जास्त चालू नये असंही तूच म्हणतेस," ती म्हणाली. मी म्हटलं, चालणं वेगळं. मग घरी दृष्ट काढली. मीठ, मोहरी, मिरच्या तव्यावर टाकल्या, तर खालच्या मजल्यावरची म्हातारी खोकत वर आली, आमच्या सगळ्या खिडक्या स्वतःच्या हाताने उघडून, काहीएक न बोलता खाली गेली.

डॉक्टरीणबाईंना जाऊन खरं सांगावं, हे मला सुचत नव्हतं असं नाही. रोज सुचत होतं. तोंड उघडायचं सोडून बाकी सगळं करायची माझी तयारी होती. म्हणून शेवटी उतारा ठरवला.

उतारा ठेवायचा चव्हाट्यावर, चार वाटा मिळतात तिथे, तिन्हीसांजेला. ठेवला की मागे बघायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. कार्ल्सरूहेत ह्याहून मोठा चव्हाटा कुठला मिळणार? लेक दुपारची झोपली होती, जावई कामावर. मी दहीभात कालवला, त्यावर हळदकुंकू, काजळाचे पाच ठिपके, कापलेलं लिंबू. पान नव्हतं म्हणून आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात भरलं. डबा लेकीवरून उतरायचा होता, तो ती झोपेत असताना तिच्या पायाशी उभं राहून उतरला. त्या घरात कचऱ्याचे चार रंगांचे डबे होते, कागदाचा वेगळा, उष्ट्याचा वेगळा. पीडा कुठल्या रंगात टाकायची ते कुठे लिहिलेलं नव्हतं, नाहीतर मी चौकापर्यंत गेलेच नसते.

साडीवर जावयांचा जुना कोट, पायात लोकरी मोजे आणि खेळाचे बूट, हातात पिशवी. सव्वाचारला चौकात उतरले. पिरॅमिडच्या मागच्या अंगाला, टपऱ्यांपासून जरा बाजूला, डबा खाली ठेवला. मनात म्हटलं, "घे बाबा, आणि परत जा. तिच्याकडचं काही मागू नकोस." आणि वळून चालायला लागले.

दहा पावलंही झाली नसतील. मागून हाक आली.

"अहो काकू!"

मराठीत. पुरुषाचा आवाज, जरासा घोगरा. नियम मला पाठ होता. मी चालत राहिले. बुटांचा आवाज मागे येत होता. मी टपऱ्यांच्या ओळीत घुसले, मेणबत्त्यांच्या दुकानाला वळसा घातला. बूट वळले. "काकू, थांबा की!" मी जवळजवळ पळत होते. बायका सॉसेज खाता खाता माझ्याकडे बघत होत्या. आणि मनात एकच, आला. इतक्या वर्षांनी हाक मारली, आणि मारली ती काकू म्हणून. त्याला तरी कुठे माहीत असणार मी त्याची कोण.

रुळांपाशी ट्राम आडवी आली आणि मला थांबावं लागलं. मी डोळे मिटले. खांद्याशी कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "काकू, तुमचं हे राहिलं तिथे."

डोळे उघडले तर समोर आइस्क्रीमचा डबा. तो धरणारा तिशी ओलांडलेला, कपाळ रुंद होत चाललेलं, पाठीला लॅपटॉपची पिशवी. साडीचा काठ दिसला म्हणून ओळखलं म्हणाला. कोल्हापूरचा होता, गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. इथे असं काही बेवारशी ठेवलं तर पोलीस येऊन सबंध चौक रिकामा करतात, हे तो मला समजावून सांगू लागला. मी त्याचं काही ऐकत नव्हते.

"वय काय तुझं?" मी विचारलं.

तो चपापला. "तेहेतीस. का हो?"

माझं तेव्हा त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. झाकण सैल होतं. पळताना कुंकवाचं दही त्याच्या बोटांवर सांडलं होतं, आणि तो ते रुमालाने पुसत होता. उतारा ज्याने हातात घेतला, त्याच्यावर ती पीडा जाते. हे तर लहानपणापासून ऐकलेलं. मी त्याचा हात धरला आणि हात धू म्हटलं, पायावर पाणी घे म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तो हसला. डबा कशाचा ते त्याला एव्हाना लिंबू बघून कळलं होतं. म्हणाला, "काकू, मी रोज दोनदा इथे ट्राम बदलतो. मला काय व्हायचंय."

"आई आहे तुला?"

"आहे ना, गावी. का?"

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, दहीभाताने कुणाचं काय होतं. आज मीही तेच म्हणते, आणि ह्यावर लेकीपेक्षा मोठ्याने मी हसते. पण त्या संध्याकाळी मला त्याच्या जागी दुसरं काही दिसेना. कुठल्यातरी कोल्हापूरच्या बाईचा तेहेतीस वर्षांचा जिवंत मुलगा, आणि माझं तोंड न उघडण्याचं ओझं मी त्याच्या हातात दिलं होतं. मी तिथेच टपरीच्या पायरीवर बसले. मला धड श्वास घेता येईना. त्याने माझ्या पर्समधली नंबराची चिठ्ठी काढून स्वतःच्या मोबाइलवरून लेकीला फोन लावला.

ती वीस मिनिटांत आली. मागच्या गल्लीने नाही, सरळ ट्रामने, आणि पिरॅमिडला लागूनच चालत आली, एक हात पोटावर, दुसरा गर्दी सारत. त्या इंजिनियरने तिच्या हातात डबा दिला, माझ्याकडे एकदा काळजीने बघितलं आणि आपल्या ट्रामला गेला. लेकीने झाकण उघडून आत पाहिलं.

"आई, हे काय आहे?"

"दहीभात."

"ते दिसतंय. चौकात का आणलास?"

मी काहीतरी दुसरं सांगू शकले असते. मला चांगलं सांगता येतं, आयुष्यभर सांगत आले होते. पण तो हात, ते पुसलेलं दही. मी म्हटलं, "तुझ्या आधी मला एक मुलगा होता. अकरा दिवसांचा होऊन गेला."

ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर जवळ घेईल. ती म्हणाली, "डॉक्टरने विचारलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"मी म्हटलं मी एकटीच. तू मान हलवलीस."

"हलवली."

"कशाने गेला?"

"मी त्याला तिन्हीसांजेला अंगणात नेलं होतं."

"आई. कशाने गेला?"

तसं मला कुणी कधी विचारलंच नव्हतं, मी स्वतःलाही नाही. मी आठवून सांगितलं. दूध पिताना दमायचा. मध्येच सोडून द्यायचा, घामाने टाळू ओली व्हायची. ओठ निळसर दिसायचे. सगळे म्हणाले आजोबांवर सावळा गेलाय, मीही म्हटलं. लेक ऐकत होती, मग तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि तिथेच बसून दवाखान्यात फोन लावला. जर्मन इतक्या भराभर बोलत होती की मला फक्त तिचं "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर, बरोबर, तेवढं कळत होतं. फोन ठेवला, डबा कचऱ्याच्या पेटीत टाकला, आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. त्यानंतरही दोन दिवस नाही. जावई आम्हा दोघींच्या मध्ये बसून तिला "मीठ पाहिजे का" विचारायचे आणि मला उत्तर कळवायचे.

तिसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळात पोटातल्या बाळाचं हृदय तपासलं. अंधारी खोली, एक तरुण डॉक्टर पडद्याकडे बघत बसलेला. मी भिंतीशी उभी. देवाचं नाव घ्यायचंही धाडस होईना, म्हटलं आपण तोंड उघडलं की काहीतरी बिघडतं, मिटलं तरी बिघडतं. शेवटी तो लेकीकडे वळून बोलला, आणि तिचे खांदे खाली आले. हृदय चांगलं होतं. चारही कप्पे जागच्या जागी.

पांढऱ्या वेणीची डॉक्टरीण नंतर माझ्याशी बोलली, लेकीच्या तोंडून. ते बाळ बहुतेक हृदयानेच गेलं असणार, म्हणाली. त्या काळी, त्या गावी कुणाला कळलं नसतं. अंगणाचा आणि संध्याकाळचा काही संबंध नाही. लेकीने हे मला एकदा सांगितलं, आणि मग डॉक्टरीण गप्प असतानाच पुन्हा एकदा सांगितलं, जरा हळू.

ह्यावर मला काय वाटायला हवं होतं? सुटका. पुस्तकांतून तसंच वाटतं. मला आला राग. तेहेतीस वर्षं मी ती पाच मिनिटं सांभाळली, कुणाला हात लावू दिला नाही, आणि ही परकी बाई चष्म्यावरून बघत म्हणते, संबंध नाही. मग मी इतकी वर्षं कशाची राखण करत होते? मी लेकीला म्हटलं, तिला म्हणावं तू तिथे नव्हतीस. लेकीने त्याचं काही भाषांतर केलं नाही.

परत येताना चौकात ट्राम बदलायची होती. लेक म्हणाली, दमले, जरा बसू. आम्ही चर्चच्या खांबांकडे तोंड करून बाकावर बसलो. नात पुढे जानेवारीत झाली, धडधाकट. आज माझ्याशी मराठीत भांडते आणि हरायला लागली की जर्मनवर जाते. पण त्या दिवशी ती अजून पोटात होती, आणि लेकीने कोटाची बटणं उघडी टाकली होती, कारण ती लागतच नव्हती.

"कसा दिसायचा गं तो?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. हे तर मला येतच होतं, रोज बघत होते त्याला. आणि डोळ्यांपुढे उभा राहिला तो मिशीवाला, चष्म्याचा, खांदा पाडून चालणारा, गणितात कमी पडलेला. त्याला बाजूला सारून मागे बघायला गेले तर तिथे कोणी नव्हतं. मी त्याला वाढवत गेले होते, आणि वाढवता वाढवता अकरा दिवसांचा चेहरा कुठेतरी पुसून टाकला होता. अंगण आठवत होतं, घाम आठवत होता, पंच्याचा काठ कसला होता तेही आठवत होतं. चेहरा नाही.

"नाही आठवत," मी म्हटलं. लेकीपाशी हे कबूल करणं मला आधीच्या सगळ्याहून जड गेलं.

तिने घाई केली नाही. म्हणाली, "मग जे आठवतंय ते सांग."

मी बराच वेळ शोधलं. लोक ट्राममधून उतरत होते, चढत होते. मग म्हटलं, नखं. नखं फार वाढली होती त्याची, पातळ, कागदासारखी. बारशाआधी कापायची नाहीत म्हणून सासूबाईंनी तशीच ठेवली होती. झोपेत हात हलवायचा आणि स्वतःलाच लागायचं. गालावर एक ओरखडा होता.

"कुठल्या गालावर?"

मी माझाच हात माझ्या गालाकडे नेला, आधी एकीकडे, मग दुसरीकडे. डाव्या, मी म्हटलं. आणि ओरखडा आठवला तसा त्याच्याभोवतीचा गाल थोडासा आला, मऊ, खाली लोंबणारा. तेवढाच. मी तिला तो सांगितला.